झाकण काढलेली कडबाकुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कडबाकुट्टी आहे. माझ्या चाकाला दोन पाती आहेत आणि त्या पात्यांनी एका बाईच्या उजव्या हाताची चार बोटं तोडली आहेत. हे मी आधीच सांगून टाकते. तुम्ही ज्या यंत्रांच्या गोष्टी वाचता, त्यांनी आयुष्यभर चांगलंच काम केलेलं असतं. माझं तसं नाही. तरीही मी मान खाली घालून बोलणार नाही. का, ते ऐका.

माझा जन्म १९६६ साली कोल्हापूरच्या एका ओतशाळेत झाला. मला हिरवा रंग दिला होता. माझ्यापुढे एक लांब पन्हळ आहे. तिच्यात कडबा ठेवायचा आणि पुढे सरकवायचा. पन्हळीच्या टोकाशी दोन दातेरी रूळ आहेत. ते कडबा आत ओढतात, आणि मागे गरगर फिरणारी पाती त्याचे बोटाबोटाएवढे तुकडे करतात. रुळांच्या तोंडावर चार बोल्टांनी घट्ट बसवलेलं लोखंडी झाकण होतं. ते बसवणाऱ्या कारागिराने झाकणाखालच्या फटीत आपली मूठ घालून पाहिली. मूठ जाईना. तो हसून म्हणाला, "आता हिच्या तोंडात वैरणच जाईल, दुसरं काही नाही."

तिथून मी भूम तालुक्यात आले. ईट गावाच्या पलीकडे माळावर एक गाव आहे. तिथल्या दूध संस्थेने मला विकत घेतलं होतं. संस्था नवी होती, लोकांना तिचं कौतुक होतं. मला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चेअरमन आबारावांनी भाषण केलं, की आता आपल्या गावच्या म्हशी कुट्टी खाणार आणि दूध वाढणार. दूध खरंच वाढलं. मला फिरवणारं इंजिन आणि मी, आम्हा दोघांना सांभाळायला बंडप्पा नावाचा ड्रायव्हर होता. तो रोज सकाळी माझ्या पात्यांना कानस मारायचा, वंगण घालायचा आणि इंजिनाचा पट्टा माझ्या चाकावर चढवायच्या आधी झाकणावर दोन टिचक्या मारून ते घट्ट आहे ना, हे पाहायचा. पाच-सहा वर्षं अशी बरी गेली.

मग दुष्काळ पडला. बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली. विहिरी कोरड्या पडल्या, कडबा संपला. संस्थेने माळावर गुरांची छावणी उघडली. पाचशेच्या वर जनावरं दावणीला होती. दूरच्या कारखान्यांकडून ट्रक भरभरून उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, यायचं आणि ते सगळं माझ्या पन्हळीतून जायचं. सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत मी थांबत नव्हते.

वाडं ओलं असतं. झाकणाखाली ते सारखं अडकायचं. मग इंजिन थांबवायचं, अडकलेलं ओढून काढायचं, पुन्हा सुरू करायचं. तोवर जनावरं हंबरत राहायची. एके दिवशी आबाराव आले, त्यांनी थोडा वेळ हे पाहिलं आणि बंडप्पाला म्हणाले, "ते झाकण काढून टाक."

"साहेब, झाकण काढलं तर हात जाईल कुनाचा तरी," बंडप्पा म्हणाला.

"हात सांभाळून काम करायचं. जनावरं उपाशी मेली तर तू भरून देणार हायेस का?"

कमरेचा पाना काढून बंडप्पाने चारही बोल्ट सोडले. झाकण उचलून कचेरीत नेलं. पुढे ते तिथल्या पाण्याच्या पिंपावर ठेवलेलं मी उघड्या दारातून कितीदा पाहिलं. माझे रूळ उघडे पडले. मित्रांनो, रुळांना डोळे नसतात. पन्हळीत वाडं आलं काय आणि हात आला काय, ते ओढून घेणं एवढंच मला येतं. म्हणून तर झाकण दिलेलं असतं.

छावणीत वैरण घालायच्या कामावर बायका होत्या. त्यांतली एक अयोध्या. वय बावीस-तेवीस. तिचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात. नवरा पिराजी पाझर तलावाच्या कामावर माती टाकायचा. अयोध्या हसरी होती, आणि तोंडाची फटकळही होती. दुपारी भाकरी खाताना ती बायकांना कुणाकुणाच्या नकला करून दाखवायची. आबाराव कसे धोतराचा सोगा धरून चालतात, हे ती इतकं हुबेहूब करायची की बंडप्पासुद्धा तोंड फिरवून हसायचा.

एप्रिलचा महिना होता, त्र्याहत्तर साल. ऊन कडक होतं. ट्रक उशिरा आला होता आणि सगळे घाईत होते. वाड्याच्या एका भाऱ्याला बांधलेली दोरी सोडायची राहून गेली होती. ती अयोध्याच्या मनगटाला अडकली आणि माझ्या रुळांनी भाऱ्याबरोबर तिचा हातही ओढून घेतला.

तिने ओरडण्याआधीच बंडप्पाने पट्टा उडवला. तरी उशीर झाला होता.

संस्थेच्या दुधाच्या टेम्पोतून तिला बार्शीला नेलं. अंगठा वाचला, बाकीची चार बोटं गेली. दुसऱ्या दिवशी मला पाण्याने धुतलं आणि पुन्हा कामाला लावलं. झाकण पिंपावरच होतं.

महिन्याभराने अयोध्या घरी आली. पुढची हकिगत मला तिच्याच तोंडून कळली. ती मला कशी सांगत बसली, तेही पुढे येईलच. आबाराव स्वतः तिच्या दारात गेले. बरोबर संस्थेचा सेक्रेटरी होता. त्यांनी पिराजीच्या हातावर थोड्या नोटा ठेवल्या, म्हणाले, "दवाखान्याला, औषधाला हून जाऊ द्या. ही त्याची पावती. हिचा अंगठा पायजे." अयोध्याने उजवा अंगठा पुढे केला. पट्टी अजून ओलीच होती. सेक्रेटरीने तो शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

ती पावती नव्हती. त्यात अयोध्याच्या नावाने लिहिलं होतं की तिच्याच चुकीने तिला इजा झाली, तिला भरपाई मिळाली, यापुढे संस्थेवर तिचा काही हक्क नाही.

हे तिला कळलं एक वर्षाने. मधल्या वर्षात तिने काय काय सोसलं ते थोडक्यात सांगते. छावणी उठली. संस्थेने तिला पुन्हा कामावर घेतलं नाही. एका हाताने खुरपं धरायला कुणी बोलवेना. भाकरी थापायला ती डाव्या हाताने शिकली, त्या पहिल्या भाकऱ्या पिराजी मुकाट्याने खायचा. लोक म्हणायचे, नशीब तिचं. अयोध्याला त्या शब्दाची चीड यायची.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला भूमला कार्यक्रम होता. तिथे उस्मानाबादचे ओव्हाळ वकील बोलायला आले होते. तरुण होते, औरंगाबादला शिकून आलेले. भाषण संपल्यावर लोक त्यांच्या पाया पडायला पुढे होत होते. अयोध्या गर्दीतून पुढे गेली, पाया पडली नाही, पदराखालचा हात बाहेर काढला आणि म्हणाली, "साहेब, ह्याचं कायद्यात काय हाय?"

वकिलांनी हात पाहिला. मग त्यांनी तिला बाजूला बसवून सगळं विचारलं. कुठल्या कामावर होतीस, यंत्र हाताचं की इंजिनाचं, मजुरी कोण द्यायचं, कधी लागलं, तारीख काय. मग ते म्हणाले, "ताई, दोन वाटा आहेत. एक दिवाणी दावा. त्यात संस्थेचा निष्काळजीपणा आपण शाबीत करायचा, खर्च जास्त आणि वर्षं किती जातील सांगता येत नाही. दुसरी वाट कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याची. तिथे मुख्य म्हणजे तुम्ही त्यांच्या कामावर होता आणि ते काम करताना लागलं, हे दाखवायचं. दोन्ही वाटांनी एकदम जाता येत नाही. माझं मत विचाराल तर दुसरी धरा. पण दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. तुमचं एक वर्ष गेलंय."

"पर म्या अंगठा दिलाय," अयोध्या म्हणाली आणि पावतीची गोष्ट सांगितली.

ओव्हाळ वकील पहिल्यांदा हसले. "ती पावती नाही, ताई, तुम्ही हक्क सोडल्याचा कागद असणार. तो त्यांना फ्रेम करून लावू द्या. कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद कायद्याने रद्द असतो. त्याच्यावर अंगठा असो नाही तर सोन्याची मोहर असो."

घरी आल्यावर पिराजी घाबरला. "आपल्याला गावात ऱ्हायचंय, अयोध्या. पाण्याला जायचंय, दळायला जायचंय. आबारावांच्या वाकड्यात कशापायी जायचं?"

"आत्ता काय लई सरळ चाललंय का?" अयोध्या म्हणाली. "म्या उपकार मागत न्हाय. तुमी यायचं तर या, न्हायतर म्या एकली जाते यष्टीनं."

तो तिच्याबरोबर गेला. उस्मानाबादच्या कोर्टात अर्ज दाखल झाला. अशा खटल्यांसाठी तिथल्या न्यायाधीशांनाच आयुक्त म्हणून नेमलेलं होतं.

संस्थेला नोटीस आली आणि माझी रवानगी गोदामाच्या मागे झाली. माझ्यावर जुनी पोती टाकली. मला वाटलं, दुष्काळ सरला म्हणून असेल. पण सेक्रेटरी कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, की मशीन भंगारात विकलं असं कोर्टात सांगायचं. कोर्टाने मला पाहू नये, अशी त्यांची इच्छा होती.

संस्थेच्या वकिलांनी कोर्टात तीन गोष्टी मांडल्या. बाई चार दिवसांची रोजंदारीवाली होती, कामगार नव्हती. तिने हक्क सोडल्याचा कागद दिला आहे. आणि तिसरी, यंत्राला झाकण होतं, पण भरभर काम उरकावं म्हणून ते तिनेच मुद्दाम काढलं. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट होती. कामगाराने स्वतः जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं असेल, तर कायद्याने अशा इजेची भरपाई नाकारता येत होती.

अयोध्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा संस्थेच्या वकिलांनी तो कागद तिच्यापुढे धरला.

"हा अंगठा तुमचाच आहे ना?"

"व्हय, माझाच," ती म्हणाली. "तेवढाच ठिवला होता तुमच्या मशिनीनं."

कोर्टात कुणी तरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि हसू थांबलं.

"कागद वाचून दाखवला होता?"

"दवाखान्याची पावती हाय म्हनले. तुमी एवढं शिकलेलं हाव, तुमीच सांगा, बोटं तोडल्याची पावती असती व्हय?"

मग बंडप्पाला बोलावलं. तो अजून संस्थेच्या नोकरीत होता. घरी चार खाणारी तोंडं होती. आदल्या आठवड्यात आबारावांनी त्याला चहाला बोलावून काय सांगायचं ते समजावलं होतं, आणि तो मान हलवून आला होता. पिंजऱ्यात आल्यावर त्याने आधी अयोध्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

"झाकण कुणी काढलं?" ओव्हाळ वकिलांनी विचारलं.

बंडप्पाचा हात कमरेला, पान्याच्या जागी गेला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

"म्या काढलं," तो म्हणाला. "चेअरमनसाहेबांनी सांगितलं, म्या काढलं. माझाबी गुन्हा हाय त्यात. आन साहेब, मशीन भंगारात इकलं न्हाय. गोदामाच्या मागं पोत्याखाली हाय. पायजे तर आणून बघा."

न्यायाधीशांनी खरंच मला आणवलं. ज्या टेम्पोतून अयोध्या बार्शीला गेली होती, त्याच टेम्पोतून मी उस्मानाबादला गेले. चार हमालांनी मला कोर्टाच्या व्हरांड्यात उतरवलं. माझ्या पात्यांवर गंज चढला होता. लोक गोळा झाले. कुणी म्हणालं, हीच का ती? आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

न्यायाधीश खुर्ची सोडून व्हरांड्यात आले. चष्मा पुसून त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिलं. जिथे झाकण बसायचं तिथे हिरवा रंग अजून नव्यासारखा होता, बाकी अंगाचा उडाला होता. चार भोकं दिसत होती. संस्थेचे वकील म्हणाले, "बाईने हाताने सहज काढलं असणार."

माझ्या बुडाशी त्याच मापाचा एक बोल्ट अजून होता. न्यायाधीशांनी तो दाखवला. "हा हाताने फिरवून दाखवा."

वकिलांनी कोटाची बाही सारली आणि जोर लावला. मीही लावला, मित्रांनो. यंत्राला जेवढा हट्ट करता येतो तेवढा केला. बोल्ट तसूभर हलला नाही.

"पाना कुणाकुणाकडे असायचा?" न्यायाधीशांनी बंडप्पाला विचारलं.

"दोनच पाने, साहेब. एक माझ्या कमरंला, दुसरा सेक्रेटरीसाहेबाच्या कपाटात. कुलपात."

निकालाला पुढे पाच महिने लागले. निकाल वाचताना न्यायाधीश म्हणाले, की बाई रोजंदारीवर असली तरी काम संस्थेच्या धंद्याचंच होतं, आणि यंत्र इंजिनावर चालणारं होतं, म्हणून ती कायद्याने कामगार ठरते. हक्क सोडल्याचा कागद रद्द आहे. झाकण मालकाच्या हुकमाने काढलं गेलं. एका हाताची चारही बोटं गेली तर कमाईची ताकद निम्म्याने गेली, असं कायद्याच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे, त्याप्रमाणे भरपाई द्यावी.

"निम्मीच?" अयोध्याने वकिलांना हळूच विचारलं.

"कायदा तेवढंच म्हणतो, ताई."

"कायद्याला म्हनावं एकदा डाव्या हातानं भाकरी थापून बघ."

संस्थेने लगेच पैसे भरले नाहीत. तहसील कचेरीतून जप्तीची नोटीस निघाली तेव्हा भरले. आबारावांनी कधी माफी मागितली नाही. गावात अयोध्याला काही लोक 'कोर्टवाली' म्हणू लागले. पहिल्यांदा ती चिडली. मग कुणी तसं म्हणालं की ती थांबून विचारायची, "व्हय, कोर्टवालीच हाय. काय काम हाय?" बंडप्पाची नोकरी गेली. त्याने भूमला इंजिन दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं आणि त्याचं बरं चाललं.

मी मात्र कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पडून होते. संस्थेला मी नको होते. शेवटी त्यांनी मला भंगाराच्या भावात काढलं. भंगारवाला वजनकाटा घेऊन आला, तेव्हा त्याच्याआधी एक बैलगाडी येऊन उभी होती. गाडीत पिराजी आणि अयोध्या. भरपाईच्या पैशातून त्यांनी मला विकत घेतलं आणि गावी आणलं.

बौद्धवाड्यातल्या बायांनी तिला बोल लावले. नागूबाई नावाची शेजारीण तर रडायलाच लागली. "अगं, हिनं तुझा हात खाल्ला आन तू हिला दारात आणतीस?"

"हिनं न्हाय खाल्ला, नागूबाई," अयोध्या म्हणाली. "हिचं तोंड उघडं ठिवणाऱ्यानं खाल्ला. त्याला म्या कोर्टात बघितला. हिच्यावर माझा राग न्हाय."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी दोषी आहे, पण एकटी नाही, आणि सगळ्यांत मोठी दोषी तर नाहीच.

बंडप्पा भूमहून आला. त्याने दुरुस्त केलेलं एक जुनं इंजिन आणलं होतं, आणि नव्या पत्र्याचं झाकणही, पहिल्यापेक्षा जाड. चार बोल्ट घट्ट आवळल्यावर त्याने बोल्टांची डोकी वरून झाळून टाकली, म्हणजे पान्यानेही ते निघणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी अयोध्याच्या दारात वैरण कापू लागले. गावातल्या लोकांच्या म्हशी तिच्याकडच्या कुट्टीवर पोसू लागल्या. ओलं वाडं आलं की अजूनही अडकतं. मग ती इंजिन बंद करते, अडकलेलं काढते, पुन्हा सुरू करते. कुणी घाई केली तर म्हणते, "लई घाई आसल तर दुसरीकडं जा." काम करता करता ती मला मागच्या सगळ्या गोष्टी सांगते. मी तिच्याशी बोलू शकत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

आता एवढंच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी यंत्रावर कामाला जाल, कुणी यंत्राचे मालक व्हाल. मालक झालात तर झाकण काढू नका, जनावरं हंबरत असली तरी काढू नका. कामाला गेलात तर झाकण नसलेल्या यंत्राला हात लावायचा नाही म्हणून सांगा. इजा झालीच, तर कुणी दारात आणून दिलेल्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. आणि नशीब म्हणून घरी बसू नका.

परवाचीच गोष्ट. सकाळी मी चालू होते. दारात सिदू आला. तो विहिरी खोदायच्या कामावर जातो. यारीचा, म्हणजे विहिरीतले दगड वर ओढायच्या यंत्राचा, दोर तुटून त्याच्या पायावर दगड पडला होता. गुडघ्यापासून खाली पट्टी बांधलेली, काखेत काठी. ठेकेदार दवाखान्यात फिरकलाही नव्हता. मुकादम मात्र घरी एक कागद ठेवून गेला होता. सिदू उंबऱ्याशी बसला आणि त्याला हुंदका आला.

अयोध्याने माझा पट्टा उतरवला. मी थांबले. तिने पदराला हात पुसला, त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि चुलीकडे न टाकता त्याची जपून घडी घातली. ओव्हाळ वकिलांना तो लागणार होता.

"बाई, माझं काय व्हईल वं?" सिदू म्हणाला.

"रडायचं ते मागनं रड," अयोध्या म्हणाली. "आधी तारीख सांग."